इंदूर: घाट चढून येतं ते, आणि उतारानं उज्जैनला जातं ते

माळवामाथा (धागाकर्ता)

इंदूरचं पाणी, भाजी-धान्य आणि माणसं कुठून येतात, कुठे जातात, वाटेत काय अडतं, यावर तपशीलवार चर्चा व्हावी म्हणून हा धागा. सुरुवात जागेपासून करतो, कारण माझ्या मते इथली निम्मी दुखणी जागेतूनच आलेली आहेत.

शहर साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण काठाजवळ. महूच्या पलीकडे विंध्याचा कडा तुटतो आणि खाली निमाड लागतं. कड्याच्या अलीकडचा पाऊस उत्तरेला वाहतो: शहरातली कान्ह नदी, मग क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा. पलीकडचा नर्मदेत उतरतो. म्हणजे लोकमान्य नगरातल्या पागोळ्यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि त्याच घराच्या नळाला येतं ते अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी, पंपाने कडा चढवून आणलेलं.

माथ्यावर वसलेल्या गावाला मोठी नदी कधीच मिळत नाही. म्हणून आधी तळी आली: बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. जमिनीखाली काळा दगड, त्यात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं. दिवाळीला भरभरून चालणारी बोअर मार्चमध्ये दम तोडते ती यामुळेच. दोनशे फूट आणखी खोल नेली तरी नवी भेग लागेल याची खात्री नाही. १९७० मध्ये लोक नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा मागणीच्या मागे हा दगड होता. १९७८ च्या सुमारास पहिला टप्पा चालू झाला, रोज ९ कोटी लिटरचा. १९९२ मध्ये आणखी ९ कोटी, आणि पुढे तिसऱ्या टप्प्याने ३६ कोटींची क्षमता दिली. उचल मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, अंतर सुमारे ७० किलोमीटर.

जाणकारांनी आपापल्या विषयावर लिहावं. वीज, वितरण, मलजल, मंडी, ओला कचरा, सगळं हवं आहे.

पंपघर

विजेपासून सुरू करू, कारण इंदूरचं पाणी म्हणजे मुख्यतः वीज आहे.

१ हजार लिटर पाणी ५०० मीटर वर न्यायला गणिताने १.३६ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरा, वर पाइपातलं घर्षण. हजार लिटरमागे २ युनिटच्या आसपास आकडा येतो. तिन्ही टप्पे पूर्ण क्षमतेने, म्हणजे ५४ कोटी लिटरवर चालले, तर दिवसाला १० लाखांहून जास्त युनिट. गंगेच्या काठच्या शहराला हा खर्च पडत नाही. त्यामुळे इंदुरात गळणारा प्रत्येक नळ दोनदा महाग: पाणी गेलं ते गेलं, चढवायची वीजही गेली.

महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचं कर्ज) काढले ते यासाठी, जलूदजवळच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पाला. आपल्याकडे १ मेगावॅटमागे दिवसाला सरासरी ४ ते ५ हजार युनिट धरतात. म्हणजे रोजचे अडीच ते तीन लाख. पूर्ण क्षमतेच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा. थोडा नाही, पण "आता पाणी फुकटात चढणार" असं म्हणणाऱ्यांनी हा पाव लक्षात ठेवावा.

रामबागकर

पंपघर काका, एक प्रश्न. वीज पाच मिनिटं जाते आणि शहरात दुसऱ्या दिवशीही नळ कोरडे. असं का?

पंपघर

कारण पंप बंद पडला तरी पाइपातलं पाणी लगेच थांबत नाही. चढत्या नळवाहिनीत हजारो टन पाणी वर निघालेलं असतं. मागचा जोर संपला की ते थबकतं, उलटं फिरतं आणि उलटा प्रवाह रोखणारी झडप बंद झाली की तिच्यावर आदळतं. पोलादी पाइपात ही दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर वेगाने धावते. पाण्याचा वेग झटक्यात १ मीटर प्रतिसेकंदाने बदलला तर साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब येतो. लाइन फुटते ती बहुतेकदा अशाच वेळी, जुन्या जोडावर किंवा गंजलेल्या पट्ट्यावर. म्हणून हवेची दाबटाकी आणि हळू मिटणाऱ्या झडपा बसवतात.

आता पुन्हा सुरू करणं. सगळे पंप एकदम चालवता येत नाहीत. आधी पहिल्या स्टेशनचा एक पंप, मग त्याच्या पाण्याने दुसऱ्या स्टेशनचा हौद भरतो, मग तिथला पंप. वाटेत उंचवट्यांवर हवा अडकलेली असते, ती हवा-झडपांतून निघेपर्यंत प्रवाह पूर्ण होत नाही. घाटमाथ्यावर पाणी पोहोचलं की पुढे इंदूरपर्यंत उतार. एवढ्यात काही तास जातात. शहरातल्या उंच टाक्या रात्री भरल्या जातात. ते तास हुकले की सकाळी ज्यांची पाळी असते त्या वस्तीची टाकी अर्धी. दिवसाआड पाणी असलेल्यांना चुकलेली पाळी चार दिवसांची पडते.

श्रावणात आणखी एक अडचण. नर्मदा गढूळ येते, तुरटी वाढवावी लागते, निवळण टाकीतला गाळ वारंवार काढावा लागतो, गाळण वाळू लवकर तुंबते. नदीला पूर आणि नळाला कमी पाणी, हे एकाच वेळी होतं ते त्यामुळे.

स्नेहलतागंज

मग घरचा हौद केवढा असावा? बिल्डर १ हजार लिटर पुरे म्हणतात.

नळदुरुस्ती

ताई, हिशोब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर, पाच माणसं, ६७५ लिटर. दिवसाआड म्हणून १,३५०. एक पाळी चुकली तर २,७००. म्हणजे जमिनीखालचा हौद ३ हजार लिटरचा, वर गच्चीवर हजाराची टाकी. हजार लिटरवाला हौद दर चुकलेल्या पाळीला टँकर मागवायला लावणार.

आकारापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आत काय शिरतं. दिवसाआड पुरवठ्यात लाइन बहुतांश वेळ रिकामी असते. पाणी बंद झालं की पाइपात थोडी पोकळी तयार होते, आणि जिथे गळती आहे तिथून बाहेरचं ओढलं जातं. गळती कोरड्या मातीत असेल तर माती येते, गटाराच्या चेंबरला लागून असेल तर गटार येतं. त्यात कुणी थेट लाइनवर मोटर लावली की ओढ कैक पटीने वाढते. मोटर फक्त आपल्या हौदातून वर चढवायला. लाइनवर मोटर लावणारा अख्ख्या गल्लीच्या पोटात गटार घालतो, हे मी अजिबात सौम्य करून सांगणार नाही.

घरच्या जोडणीत हे तपासा. जोडणीचा पाइप नालीतून नेलेला आहे का? जुन्या वस्त्यांत सर्रास असतो, खोदाई वाचते म्हणून. लोखंडी पाइप नालीत पाच-सात वर्षांत खालच्या बाजूने गंजतो, वरून दिसत नाही. तो काढून वरून न्यावा. ओलांडायचाच असेल तर मोठ्या पाइपाच्या आवरणातून, मधे जोड न देता, आणि मलवाहिनीच्या निदान अर्धा मीटर वरून. समांतर जात असतील तर दोन्हींत शक्य तिथे ३ मीटर अंतर. दुसरं, काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला वरखाली करते. तिच्यात पाइप तसाच पुरू नका. खाली-वर ६ इंच मुरूम किंवा वाळूची गादी द्या, नाहीतर जोड दर जूनमध्ये सुटणार.

पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं हौदात घेऊ नका, अंगणात सोडा. नळाशी शिल्लक क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. तपासणीची बाटली स्वस्त मिळते, थेंब टाकले की पिवळा रंग येतो. आज पिवळा आणि उद्या रंगच नाही, तर गल्लीत कुठेतरी घाण शिरते आहे. वास येण्याची वाट पाहू नका. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

स्नेहलतागंज

आणि हौद एकदा बिघडला तर?

नळदुरुस्ती

पूर्ण उपसा, भिंती घासा, गाळ काढा. मग हजार लिटरला १५० ते २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. थेट टाकू नका, बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ पाणी ओता. निदान चार तास ठेवून सोडून द्या, साध्या पाण्याने धुवा. रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम पुरतात, अर्धा तास थांबून वापरा. पावडर ताजी हवी. उघड्या पिशवीतली दोन महिन्यांत निम्मी मेलेली असते, आणि माप बरोबर असूनही उपयोग होत नाही.

क्षिप्राकाठ

सगळे चढावाबद्दलच बोलताय, उताराबद्दल कोण बोलणार? उज्जैनहून लिहितो आहे. पुरवलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के मलजल होतं, हा आराखड्यातला नेहमीचा आकडा. ५४ कोटी लिटर आले तर ४३ कोटी गेले, आणि बोअरचं वेगळं. ते कान्हेतून आमच्या त्रिवेणी संगमावर क्षिप्रेत येतं. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्ह पाइपात घालून घाटांच्या खालच्या अंगाला, कालियादेहकडे नेली. २०२८ साठी सुमारे ३० किलोमीटरचा बंदिस्त कालवा-बोगदा काढला आहे. आणि क्षिप्रेत पाणी राहावं म्हणून २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड: सेकंदाला ५ हजार लिटर, सुमारे ३५० मीटर उचलून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडायचे.

म्हणजे नर्मदा एकदा इंदूरला प्यायला चढवा, आणि आमच्या स्नानाला दुसऱ्यांदा चढवा.

माळवामाथा

तुमचं म्हणणं रास्त आहे आणि धाग्यात हेच यायला हवं होतं. पूर्वी घरांचे मलजलाचे पाइप सरळ नाल्यात सोडलेले होते. गेल्या काही वर्षांत ते शोधून मलवाहिनीला जोडले गेले, त्यावर २०२१ मध्ये शहराला वॉटर प्लसचा दर्जा (मलजल शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणाऱ्या शहराला मिळणारा) मिळाला. कबीटखेडीचं रोज २४.५ कोटी लिटरचं मलजल शुद्धीकरण केंद्र आहे. पण बंदिस्त कालव्याने फक्त जागा बदलते. कालियादेहच्या खालच्या गावांना तेच पाणी मिळणार. खरा उपाय शुद्ध केलेलं पाणी इंदुरातच पुन्हा वापरणं: बागा, बांधकाम, रस्ते धुणं, कारखान्यांची थंडाई. त्यासाठी वेगळी नळवाहिनी लागते, आणि नर्मदेचं पाणी बांधकामाला स्वस्तात मिळतंय तोवर ती कुणी घेणार नाही.

मलजलमापक

कबीटखेडीसारख्या केंद्रात एकाच टाकीत आळीपाळीने भरणं-हवा देणं, बसू देणं, वरचं निवळ काढून घेणं, असं चक्र तीन-चार तासांचं असतं. बिघडतं ते दोन कारणांनी.

एक, पावसाचं पाणी. गच्चीचे पाइप गुपचूप मलवाहिनीला जोडलेले असले की आषाढात चक्राचा वेळ पुरत नाही, जिवाणूंचा गाळ बसायच्या आधीच वाहून जातो.

दोन, तेल-तूप. शेव, कचोरी, जिलेबी, गराडूच्या शहरात हे कमी लेखू नका. गरम पाण्याने कढई धुतली की तेल पातळ होऊन पुढे जातं आणि थंड मलवाहिनीत साबणासारखं गोठतं. प्रत्येक खाऊवाल्याकडे तेलरोधक टाकी हवी: तीन कप्पे, पाणी निदान २० ते ३० मिनिटं आत राहील एवढी, कप्प्यांमधला रस्ता तळाकडून. वरचं तूप आणि खालचा गाळ मिळून खोलीच्या पावपट झाला की उपसायची. टाकी बसवून उपसलीच नाही तर ती नसल्यासारखीच. वापरलेलं तेल वेगळं डब्यात. त्यातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने होणारी) २५ टक्क्यांवर गेली की कायद्याने ते तळणाला चालत नाही. ते बायोडिझेलला देता येतं.

मंडीमुनीम

आता अन्नाकडे. चोइथराम मंडीत, म्हणजे देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडीत, माल रात्री उतरतो. पालेभाजी सांवेर, देपालपूर, सिमरोलच्या बाजूने, लहान गाड्यांतून, कारण ती सहा तासांत मरगळते. केळी घाटाखालून, बुऱ्हाणपूर-जळगावकडून. कांदा, लसूण, बटाटा आपल्या माळव्याचाच आणि तो उलट बाहेर जातो.

कांद्याची छाटणी मोठा, गोल्टा, गोल्टी अशी आकाराने होते, भाव त्यावर. लोक विचारतात, शेतकऱ्याला इतका कमी आणि ठेल्यावर इतका जास्त कसा? हम्माली, तुलाई (तोलणावळ), बारदान, वाहतूक हे आहेच. पण मोठा तुकडा नासाडीचा. उन्हाळी कांदा पूर्ण वाळवून, मान बंद झाल्यावर भरला तर टिकतो. मेच्या अवकाळीत भिजून आलेला पोत्यात तीन दिवसांत तापतो. ढिगात हात घातला आणि मध्ये ऊब लागली, की तो माल त्याच दिवशी विकायचा, साठवायचा नाही.

बटाट्याचं वेगळं. इंदूर-महू-देपालपूरचा बटाटा चिप्सवाले घेतात, कारण त्यात साखर कमी आणि घट्टपणा जास्त. तोच शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला की स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर तपकिरी पडतो, चव गोडसर. चिप्ससाठी म्हणून १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि कोंब रोखायची प्रक्रिया करतात. घरी गोड बटाटा आला तर दोन आठवडे बाहेर, अंधारात, १५-२० अंशांवर ठेवा. बरीच साखर उतरते.

डाळीच्या गिरण्या आणि सोयाबीनचा व्यापार ही इंदूरची दुसरी बाजू. तूर बाहेरून येते, इथे भरडली जाते आणि डाळ होऊन परत जाते. किराण्याचा घाऊक माल सियागंजात. स्टेशनाला लागून बाजार असणं हा योगायोग नाही.

घाटचालक

स्टेशनाचं निघालं म्हणून. ज्या कड्यावरून पाणी चढतं त्याच कड्याने रेल्वेलाही छळलं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. पातालपाणी ते कालाकुंड हा चढ ४० फुटांना १ फूट. मागे दुसरं इंजिन लावल्याशिवाय गाडी चढत नसे. एवढ्या चढावर जड मालगाडी चालत नाही, म्हणून दक्षिणेचा माल रस्त्यावर गेला. मनमाड-इंदूर नव्या ३०९ किलोमीटर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तो झाला तर माळव्याचा कांदा-सोयाबीन मुंबईच्या बंदराला थेट जाईल.

रस्त्याने जाताना, आग्रा-मुंबई महामार्गावर, गणपती घाट. चढताना ट्रक नुसता तापतो, माणसं दगावतात ती उतरताना. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, वारंवार दाबून हवेचा दाबही उतरतो. उतरताना तोच गिअर जो चढताना लागला असता. ब्रेक दाबून-सोडून, सतत चेपून नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ९ किलोमीटरचा नवा, कमी उताराचा पर्यायी रस्ता खुला झाला. न्यूट्रलची सवय मात्र रस्त्याने सुटत नाही.

परदेशीपुरा

माणसांबद्दल थोडं. १८६६ मध्ये तुकोजीरावांनी सरकारी कापड गिरणी काढली, पुढे मालवा, हुकुमचंद वगैरे. परदेशीपुरा, पाटणीपुरा या वस्त्या त्या भोंग्यावर चालणाऱ्या. गिरणीपासून घर पायी अंतरावर असे. हुकुमचंद १९९१ मध्ये बंद झाली, कामगारांची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. आता कामं पीथमपूर, सुपर कॉरिडॉर, विजयनगरला, आणि पायी जाणाराला गाडी लागली. साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस (बसगाड्यांसाठी राखीव मार्ग) २०१३ मध्ये आला, २०२५ मध्ये काढायचा हुकूम झाला. मेट्रोचा पहिला ६ किलोमीटरचा तुकडा ३१ मे २०२५ ला सुरू झाला, तोही जिथे वस्ती अजून विरळ. माझं ठाम मत, राजवाड्याला लोकलबस दर पाच मिनिटांनी हवी, बाकी नंतर.

खतखड्डा

मंडीमुनीम जिथे थांबले तिथून पुढे. मंडीचा पाला, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराचं उरलंसुरलं, घराघरातला ओला कचरा, हे देवगुराडियाच्या केंद्रात जातं. १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालं, क्षमता रोज ५५० टन, त्यातून १७ टनांच्या आसपास बायो-सीएनजी, आणि तो शहराच्या बसगाड्यांना. टनामागे ३० किलो गॅस म्हणा.

घरात वेगळं केलं म्हणूनच हे चालतं. प्लास्टिकच्या पिशव्या रवाळीला (कचरा दळून केलेल्या पातळ लगद्याला) गुंडाळतात, काच-वाळू पचनटाकीच्या तळाशी साठते. टाकीत ३५ ते ३८ अंश उष्णता, तीन-चार आठवडे मुक्काम. आंब्याच्या दिवसांत साली-कोयींचा लोंढा येतो, साखर झटकन आंबते, आम्ल वाढतं, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. आधी गॅसमधला मिथेन घटतो, मग सामू (pH) ६.८ च्या खाली येतो. तेव्हा भरणा अर्ध्यावर आणायचा, शेण किंवा पचलेली रवाळी परत फिरवायची, चुना बेताने. संत्र्या-मोसंबीच्या सालींचं तेल त्याच जिवाणूंना मारक, म्हणून ती एकाच दिवशी जास्त घेऊ नयेत.

आणि हे इंदूरला नवं नाही. १९१८ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शहराचा आराखडा लिहिला, त्यात नद्या आणि बागांना मध्यभागी ठेवलं. पुढे १९२४ पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथेच खताची इंदूर पद्धत बसवली. जगभर ती आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते आणि आपल्याकडे मात्र पाला जाळतात, याचं वाईट वाटतं.

सुदामानगर

दादा, सोसायटीत ४० घरं आहेत. इंदूर पद्धत जमेल? वास येतो म्हणून मागच्या वेळी बंद पडलं.

खतखड्डा

जमेल. ४० घरांचा ओला कचरा रोज २५-३० किलो धरा. तीन भाग वाळला पाला-काडी, एक भाग ओला कचरा, हे माप आकारमानाने. त्यावर शेणाचा काला आणि मूठभर राख-माती शिंपडायची, दर सहा इंचांच्या थराला. खड्डा दोन-अडीच फुटांहून खोल नको, आणि पावसाळ्यात खड्डा नकोच, जमिनीवर ढीग. माती काळी असल्याने खड्ड्यात पाणी उभं राहतं आणि वास तिथूनच येतो.

पहिली पलटी पंधराव्या दिवशी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी, तीन महिन्यांत तयार. ओल तपासायला मूठ दाबा: बोटांत ओलावा जाणवावा, थेंब पडू नये. थेंब पडला तर वाळला पाला घालून पलटा. आतून तापलंच नाही तर शेण कमी आहे किंवा ढीग फार लहान. अमोनियाचा वास म्हणजे ओलं जास्त, काडी कमी. सडक्या अंड्याचा म्हणजे हवा नाही. शिरीष, कडुनिंबाचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर पडतो, तेव्हाच पोत्यांत भरून ठेवा. मागच्या वेळी तुमच्याकडे बहुधा हाच कमी पडला असावा.

सुदामानगर

पोती आहेत. या फाल्गुनात भरून ठेवतो. पलटीला माणूस लावायचा तर आठवड्याला किती तास लागतील?

खतखड्डा

तीन ढीग आळीपाळीने ठेवलेत तर आठवड्याला दोन तास पुरतात. फावड्याऐवजी काटा वापरा, पाला तुटत नाही आणि पाठही वाचते.